लाथ आणि ठिणगी

गेल्या दिवाळींत आमच्या थोरल्या पुतण्याचा उजवा पाय घोट्यांत मोडला. तो कोठें पडला नव्हता, कीं कोणीं त्याला धडकहि दिली नव्हती. वाईच्या आमच्या घराच्या पडवींत, स्टँडवर स्वस्थ उभ्या असलेल्या फटफटीनें त्याला लाथ मारली, एवढेंच. रोज व्यायामशाळेंत जाऊन ज्यानें शरीर कमावलें आहे अशा चोवीस वर्षांच्या तरुणाला, ऐंशीं वर्षांच्या एका जुनाट यंत्रानें असें आडवें करावें ह्याचें लहान मुलांना हसूं आलें, बायकांना भय वाटलें, आणि वडील माणसांना राग आला. तो राग फटफटीवर होता, पुतण्यावर होता, कीं तें यंत्र इतकीं वर्षें घरांत ठेवून घेणाऱ्या आम्हां सर्वांवर होता, हें सांगणें कठीण. भाऊबीजेच्या दिवशीं जेवणें आटोपल्यावर काकूंनीं शांतपणें सांगितलें, "हें धूड आतां घरांत नको. पुण्याचे ते गृहस्थ मागताहेत ना, त्यांना देऊन टाका."

नाना, म्हणजे आमचे चुलते, तेथेंच बसले होते. फटफटी त्यांच्या वडिलांची. आजोबांच्या पश्चात् ती चालविली ती त्यांनींच. त्यांचें वय आज चौऱ्यायशीं आहे, हात कांपतात, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत त्यांनीं तिला किक मारलेली नाहीं. काकूंच्या बोलण्यावर त्यांनीं कांहींच उत्तर दिलें नाहीं. थोड्या वेळानें ते उठले, पडवींत गेले, आणि हँडलच्या डाव्या बाजूचा एक लहानसा दांडा त्यांनीं बोटानें सारून पाहिला. "हा पुढें राहिला होता," असें म्हणून ते आंत निघून गेले.

ह्या चार शब्दांचा पुरता अर्थ उमगण्यास आम्हांस चार-पांच महिने लागले. तेवढ्या काळांत फटफटीची विक्री लांबणीवर पडली, आणि आम्हांसारख्या, ज्यास सायकलच्या साखळीपलीकडे यंत्राची ओळख नव्हती अशा माणसास, जुन्या पुस्तकांतून आणि नानांच्या तोंडून पुष्कळ कांहीं शिकावें लागलें. तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें. कारण अशा फटफट्या महाराष्ट्रांत अजून पुष्कळ घरीं जिन्याखालीं पडून आहेत, आणि त्या सुरू करणारीं माणसें एकेक करून जात आहेत.

आमची गाडी बी. एस्. ए. कंपनीची एम्-२० ह्या नांवाची. बी. एस्. ए. म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ सालीं निघालेला हा मुळांत बंदुकांचा कारखाना. दुसऱ्या महायुद्धांत त्यानें ब्रिटिश लष्कराला ह्या एकाच नमुन्याच्या सुमारें सव्वा लाख गाड्या पुरविल्या. युद्ध संपल्यावर त्यांतील कित्येक गाड्या जेथल्या तेथें लिलावांत निघाल्या. आमचे आजोबा डॉक्टर होते. त्यांनीं १९४९ सालीं अशाच एका लष्करी लिलावांत ही घेतली. एकच सिलिंडर, ४९६ घनसेंटिमीटरचा. झडपा बाजूला बसविलेल्या. आणि शक्ति अवघी तेरा घोड्यांची. आजच्या मुलांना हा आंकडा ऐकून हसूं येतें. परंतु एस्. टी.ची पहिली गाडी पुणें-अहमदनगर रस्त्यावर धांवून जेमतेम वर्ष झालें होतें, आणि वाईच्या आसपासच्या कित्येक गांवांना धड रस्ता नव्हता, त्या काळीं आजोबा ह्या तेरा घोड्यांवर बसून पसरणीचा घाट चढून गेले, रात्रीं-अपरात्रीं अडलेल्या बाळंतिणींपर्यंत पोहोंचले. फटफटी पहिल्या दोन लाथांत सुरू झाली पाहिजे, ही त्यांच्या लेखीं हौस नव्हती.

ह्या गाडीला किल्ली नाहीं. ही गोष्ट प्रथम कानीं आली तेव्हां आम्हांस ती खरीच वाटेना. किल्ली नाहीं, आणि बॅटरी काढून ठेवली तरी इंजिन चालतें. फक्त दिवे लागत नाहींत. कोणीहि यावें, लाथ मारावी आणि निघून जावें, असा मामला. म्हणून आजोबा मागच्या चाकांत साखळी अडकवून तिला कुलूप घालीत. इंजिन बंद करावयाचें तर बटण नाहीं. धूर बाहेर सोडणारी झडप एका दांडीनें उचलून धरावयाची, कीं आंतला दाब निघून जातो आणि इंजिन निमूटपणें थांबतें. ह्या साऱ्याचें कारण म्हणजे इंजिनाला लागून बसविलेलें, दोन मुठींएवढें एक यंत्र. त्याचें नांव मॅग्नेटो. आमच्या पुतण्याच्या घोट्याची गोष्ट त्याच्याशींच निगडित आहे.

पेट्रोलच्या इंजिनांत काय घडतें हें बहुतेकांस ठाऊक असतें. केव्हां घडतें इकडे मात्र सहसा लक्ष जात नाहीं. सिलिंडरच्या आंत दट्ट्या वर येतो, पेट्रोल आणि हवा ह्यांचें मिश्रण दाबतो, ठिणगी पडते, मिश्रण पेटतें आणि दट्ट्या जोरानें खालीं जातो. परंतु ठिणगी पडल्याबरोबर सारें मिश्रण एकदम पेटत नाहीं. जाळ पसरण्यास क्षणाचा अगदीं बारीकसा अंश लागतो. धांवत्या इंजिनांत तेवढ्या अवधींत दट्ट्या बराच मार्ग कापून जातो. म्हणून तो माथ्यावर पोहोंचण्याच्या किंचित् आधींच ठिणगी पाडावी लागते. तबलजीला सम गांठावयाची तर हात समेच्या आधीं उचलावा लागतो, तसेंच हें. आणि लय जितकी द्रुत, तितका हात लवकर उचलावा लागतो.

आतां किक मारतेवेळचा विचार करावा. त्या वेळीं इंजिन माणसाच्या पायाच्या वेगानें फिरतें आहे. म्हणजे लय अति-विलंबित आहे. अशा वेळीं ठिणगी द्रुत लयीच्या हिशेबानें आधींच पडली, तर दट्ट्या वर येतच असतो आणि त्याच्या डोक्यावर जाळ पुरा पसरलेला असतो. मग दट्ट्यानें करावें काय? तो वर जाण्याऐवजीं आल्या वाटेनें खालीं फेंकला जातो आणि इंजिन उलटें फिरतें. किकच्या दांड्यामागें करवती दातांचें एक चाक असतें. इंजिन सुरू होऊन पुढें धांवूं लागलें कीं हे दांत एकमेकांवरून घसरतात आणि दांडा मोकळा होतो, ही त्यांतली सोय. इंजिन उलटें फिरलें तर मात्र तेच दांत एकमेकांत घट्ट रुततात, आणि अर्ध्या लिटरच्या इंजिनाचा सारा धक्का दांड्यावाटें वर, पायावर येतो. त्यांत गुडघा ताठ असला आणि पायांत चप्पल असली, म्हणजे काय होतें तें आमच्या पुतण्यास विचारावें.

हँडलवरचा तो लहानसा दांडा ह्याचसाठीं. त्यानें ठिणगीची वेळ पुढें घेतां येते किंवा मागें सारतां येते. सुरू करतांना ती मागें सारावयाची. इंजिन धांवूं लागलें कीं पुढें आणावयाची. पुतण्यानें आदल्या दिवशीं गाडी पुसतांना तो दांडा पुढें सरकवला होता आणि तसाच ठेवला होता.

ठिणगी हवी तेव्हां आणि हवी तेथें पाडणें ही सोपी गोष्ट नव्हती. जगांतल्या चांगल्या चांगल्या कारागिरांना तिनें कित्येक वर्षें छळलें आहे. १८८५ सालीं जर्मनींत डाइम्लर आणि मायबाख ह्या दोघांनीं लांकडी सांगाड्यावर इंजिन बसवून पहिली पेट्रोलची दुचाकी बनविली, तेव्हां तींत वीज मुळींच नव्हती. एका लहानशा दिव्याच्या ज्योतीवर एक नळी लाल होईपर्यंत तापवावयाची, आणि मिश्रण त्या नळींत दाबलें गेलें म्हणजे पेटावयाचें, अशी ती योजना होती. हा दिवा स्वाराच्या आसनाखालींच होता, आणि पहिल्याच फेरींत आसनानें पेट घेतल्याची कथा सांगतात. ह्या नळीचा खरा दोष असा, कीं जाळ केव्हां पेटावा हें नळीच ठरवी. माणसाच्या हातीं तें नसे. पुढें बॅटरी आणि तारेचें वेटोळें, म्हणजे कॉइल, ह्यांच्या साह्यानें ठिणगी पाडण्याची युक्ति निघाली. तिनें वेळ हातीं आली. परंतु त्या काळच्या बॅटऱ्या वाटेंत रिकाम्या होत, आणि मग स्वारानें गाडी ढकलीत घरीं यावें.

ज्या तत्त्वानें ही अडचण सुटली तें फॅरडेनें १८३१ सालींच दाखवून दिलें होतें: चुंबकाच्या प्रभावांत तारेचें वेटोळें हललें कीं तारेंत वीज उत्पन्न होते. इंजिन तर सदा फिरतच असतें. मग त्याच्याच जोरावर वेटोळें फिरवून वीज कां घेऊं नये? स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश ह्यांच्या कारखान्यानें १८९७ सालीं असें यंत्र एका तीनचाकी गाडीवर चालवून दाखविलें, आणि १९०२ सालीं तेथलेच गोटलोब होनोल्ड ह्यांनीं त्याला आज आपण ओळखतों तें रूप दिलें. त्यांत एकाच लोखंडी गाभ्यावर दोन वेटोळीं असतात. एक जाड तारेचें, थोड्या फेऱ्यांचें; दुसरें केंसासारख्या बारीक तारेचें, हजारों फेऱ्यांचें. चुंबकाच्या दोन टोंकांमध्यें हा गाभा फिरूं लागला कीं जाड तारेंत प्रवाह वाहूं लागतो. तो ऐन भरांत आला कीं दोन लहानसे धातूचे ठिपके, ज्यांना आमचे मिस्त्री पॉइंट म्हणतात, ते एकमेकांपासून दूर होतात. त्यांच्यामधील फट ती किती, तर एका इंचाच्या हजार भागांपैकीं बारा भाग. तेवढ्यानें जाड तारेंतला प्रवाह एकाएकीं तुटतो, चुंबकत्व कोसळतें, आणि त्या कोसळण्यानें बारीक तारेंत कित्येक हजार व्होल्टांचा दाब उसळून प्लगच्या टोंकाशीं ठिणगी उडते. पॉइंटांच्या शेजारीं कंडेन्सर नांवाचा एक लहान भाग असतो. पॉइंट उघडतांना तेथेंच ठिणगी उडून शक्ति वायां जाऊं नये म्हणून तो ती वीज क्षणभर आपल्या पोटांत घेतो. हा दिसावयास क्षुद्र, परंतु पुढें आम्हांस त्यानेंच रडविलें.

ह्या डबीचें महत्त्व केवढें होतें हें १९१४ सालीं इंग्लंडला कळून चुकलें. युद्ध पेटलें तोंपर्यंत इंग्रजी मोटारी आणि मोटरसायकली ह्यांचे मॅग्नेटो बहुतांशीं जर्मनींतून येत. लढावयाचें जर्मनांशीं, आणि लष्कराच्या गाड्यांची ठिणगी स्टुटगार्टची! बर्मिंगहॅमला टॉमसन-बेनेट ही एक लहानशी कंपनी मॅग्नेटो करीत होती. जोसेफ ल्यूकस ह्यांच्या कंपनीनें त्याच वर्षीं ती विकत घेतली, आणि तेथून इंग्रजी मॅग्नेटोचा धंदा वाढला. तोफा आणि दारूगोळा ह्यांच्या इतिहासांत ह्या मुठीएवढ्या यंत्राला कोणी जागा देत नाहीं. आमच्या मतें ती द्यावयास हवी.

लाथेची कथा मात्र थोडक्यांत आटोपते. प्रथम प्रथम गाड्यांना सायकलीसारखे पायटे असत, ते मारून इंजिन सुरू करावें लागे. नाहींतर गाडी ढकलीत धांवावयाचें आणि इंजिन बोललें कीं उडी मारून वर बसावयाचें. यॉर्कशायरच्या आल्फ्रेड स्कॉट ह्यांनीं १९०८ सालच्या आपल्या गाडीला पायानें दाबावयाचा दांडा बसविला, आणि तीच आपली किक.

आतां ती किक मारावी कशी, तें नानांच्या शब्दांत सांगतों. पुतण्याचा पाय प्लॅस्टरमध्यें असतांनाच एका संध्याकाळीं त्यांनीं आम्हांस व धाकट्या पुतणीस पडवींत बोलाविलें आणि खुर्चीवर बसून, एकहि शब्द वायां न घालवितां, सारें सांगितलें. पुतणी विज्ञानाची पदवीधर आहे. तिनें वहींत लिहून घेतलें.

"आधीं बूट. चप्पल घालून ह्या गाडीजवळ यावयाचें नाहीं. पेट्रोलचा नळ उघड. कार्ब्युरेटरवर एक बटण आहे, तें दाबून धर, पेट्रोल बाहेर ओघळेपर्यंत. इंजिन गार असेल तर हवेचा दांडा बंद. मूठ अगदीं किंचित् उघडी. ठिणगी अर्धी मागें. पुरी मागें नको. आतां किकवर पाय ठेवून हळूच दाब. एके ठिकाणीं ती अडेल, भिंतीला पाय लागल्यासारखी. तेथें दट्ट्या दाबांत आलेला आहे. आतां डाव्या हातानें झडप उचल आणि किक बोटभर पुढें ने, म्हणजे माथा ओलांडला. झडप सोड. किक वर येऊं दे. आणि मग गुडघा जरा वांकवून, अंगाचा भार टाकून, थेट तळापर्यंत एकच. टोचे मारूं नकोस. जोर नको, लांबी हवी."

माथा ओलांडावयाचा कशासाठीं, असें पुतणीनें विचारलें. नाना म्हणाले, "विहिरीचा रहाट ओढतांना पहिला हिसका कोठें घेतेस?" ती पुण्याची, तिनें रहाट पाहिलेला नाहीं. म्हणून मग आम्हीं पुस्तक काढून उलगडा केला, तो असा. ह्या इंजिनांत दोन फेऱ्यांतून एकदां दाब येतो. दाबाच्या अलीकडे उभें राहून लाथ मारली, तर पायाचा सारा जोर त्या भिंतीवरच खर्च होतो, इंजिनाला वेग येत नाहीं, आणि दट्ट्या माथ्याच्या अलीकडेच रेंगाळत असतांना ठिणगी पडते. उलट माथा किंचित् ओलांडून लाथ मारली, तर पुढचा दाब येईपर्यंत इंजिनाच्या जड चाकाला जवळजवळ दोन फेऱ्यांची मोकळी धांव मिळते; आणि मग ती भिंत पायाला नव्हे, त्या चाकाला ओलांडावयाची असते.

ठिणगी पुरी मागें नको, ह्याचेंहि कारण आहे, आणि ह्यांतच मॅग्नेटोचा स्वभाव दिसतो. गाभा चुंबकाच्या ज्या एका स्थितींत असतो त्याच स्थितींत तारेंतला प्रवाह भरांत असतो. ठिणगीची वेळ मागें सारावी तसतसे पॉइंट ती स्थिति निघून गेल्यावर उघडतात, आणि ठिणगी दुबळी पडते. पुढें ठेवावी तर पाय मोडतो, फार मागें घ्यावी तर जाळच धरत नाहीं; मधला मार्ग हाताला सांपडावा लागतो. शिवाय मॅग्नेटो इंजिनाच्या निम्म्या वेगानें फिरतो, आणि त्याची ठिणगी वेगावर अवलंबून. म्हणून लांब, भरदार लाथ हवी. एकदां इंजिन धांवूं लागलें कीं मात्र जितका वेग अधिक तितकी ठिणगी सशक्त.

कॉइलचें सारें ह्याच्या उलट. तेथें वीज बॅटरींतून येते, म्हणून हळू फिरणाऱ्या इंजिनांतहि ठिणगी पुरी सशक्त असते. मात्र बॅटरी उतरली कीं सारें संपलें. १९५५ पासून मद्रासेस होऊं लागलेली एन्फील्डची बुलेट ह्या जातीची, आणि आपल्याकडे ज्यांना जुनी बुलेट ठाऊक आहे त्यांना तिचा ॲमीटरहि ठाऊक असेल. किल्ली फिरवून किक हळूहळू दाबीत जावें. पॉइंट मिटलेले असतात तोंवर कांटा एका बाजूस झुकलेला असतो, आणि ते उघडले कीं तो मध्यावर येऊन उभा राहतो. तेथें किक सोडून द्यावी, वर येऊं द्यावी, आणि मग लाथ मारावी. पायाला जें कळावयाचें तें येथें डोळ्याला कळतें, इतकाच काय तो फरक. ठिणगी मागें-पुढें करण्याचें कामहि बुलेटमध्यें हातानें करावें लागत नाहीं. आंत दोन लहान वजनें असतात, तीं वेगाबरोबर बाहेर फांकतात आणि वेळ आपोआप पुढें घेतात. त्यांच्या स्प्रिंगा सैल पडल्या कीं बुलेटहि लाथ मारतेच. जुन्या पोलिस शिपायांना विचारावें. म्हैसूरास १९६१ पासून निघालेल्या जावांची तऱ्हा आणखी निराळी. तेथें किकचा दांडाच आडवा केला कीं गिअरचा दांडा होतो. आणि आकुर्डीची बजाज स्कूटर सुरू करण्यापूर्वीं ती एका अंगाला कलती करणारे गृहस्थ तर आमच्या पिढीनें दर गल्लींत पाहिले आहेत. आतां बोटानें बटण दाबलें कीं झालें. एन्फील्डच्या २०२१ सालीं आलेल्या नव्या क्लासिकला तर किकचा दांडाच नाहीं. त्याबद्दल हळहळ करणारे पुष्कळ भेटतात. त्यांतील बहुतेकांचे घोटे शाबूत असावेत, असा आमचा तर्क आहे.

नानांनीं सांगितलेला विधि पाळून आमच्या एका ओळखीच्या मिस्त्रींनीं मार्गशीर्षांत फटफटी सुरू केली. ती तिसऱ्या लाथेस बोलली, पंधरा मिनिटें चालली, आणि तापल्यावर बंद पडली ती कांहीं केल्या उठेना. दुसऱ्या दिवशीं गार झाल्यावर पुन्हा सुरू, तापली कीं पुन्हा बंद. काकूंना तर निमित्तच हवें होतें. नानांनीं मात्र खुर्चींतूनच निदान केलें: "कंडेन्सर गेला." आणि खरोखर, गार असतांना चालणें व तापल्यावर बंद पडणें हें जुन्या मॅग्नेटोच्या म्हातारपणाचें हमखास लक्षण आहे. कंडेन्सरच्या पोटांतलें आवरण वयोमानानें पिचतें, आणि उष्णता लागली कीं वीज त्यांतून झिरपूं लागते. वेटोळ्यांवरील लाखेचा लेपहि उन्हाळ्यांत मऊ होऊन ओघळतो. दुःख असें, कीं ह्या मॅग्नेटोंत कंडेन्सर फिरत्या गाभ्याच्या आंतच दडविलेला असतो. चार आण्यांची वस्तु बदलावयाची म्हणून सारें यंत्र उकलावें लागतें.

पुण्याच्या एका कारखान्यांत आम्हीं तें दिलें. महिन्याभरानें तें नव्या तारेनें गुंडाळून, पॉलिश करून, भारी किंमतीनें परत आलें. आणि ठिणगी पूर्वींपेक्षांहि दुबळी! मग कोल्हापुरास एका वृद्ध कारागिराकडे गेलों. त्यांनीं यंत्र हातांत घेतलें, आंसाला एक गिरका दिला आणि विचारलें, "गाभा बाहेर काढला तेव्हां चुंबकाच्या टोंकांवर लोखंडाची पट्टी ठेवली होती का?" ठेवली नसावी. जुन्या पोलादी चुंबकांमधून गाभा काढला आणि टोंकें तशींच उघडीं ठेवलीं, तर त्यांचें बळ ओसरतें. म्हणून तीं पट्टीनें जोडून ठेवण्याचा नियम आहे. त्यांनीं चुंबकांना पुन्हा बळ दिलें, कंडेन्सर नवा आणि उष्णतेला टिकेल असा घातला. बरोबर एक सूचनाहि केली. हल्लीं मॅग्नेटोच्या कवचाच्या आंत इलेक्ट्रॉनिक साधन बसवून मिळतें. बाहेरून ओळखूं येत नाहीं, वेळ आपोआप सांभाळली जाते, लाथ बसण्याचें भय जवळजवळ उरत नाहीं. मात्र बॅटरी हवी.

ह्यावर घरांत चांगली दोन आठवडे चर्चा चालली. पुतण्याचे वडील म्हणाले, पोराचा पाय एकदां मोडला, तेवढा पुरे, बसवून टाका. आमचेंहि मत तेंच होतें, आणि रोज गाडी चालविणाऱ्यास आम्ही आजहि तोच सल्ला देऊं. जुन्या वस्तूंचें सोंवळें पाळण्यासाठीं कोणीं हाडें मोडून घेऊं नयेत. परंतु पुतणीनें हट्ट धरला. तिचें म्हणणें असें, कीं नानाआजोबांनीं लिहून दिलेलें एक पानभर आहे. तें बसविलें तर त्या पानांतील निम्म्या ओळी खोट्या होतील. पुतण्याला विचारलें. तो म्हणाला, "मी लाथ मारणार नाहीं, पण ती म्हणते तें बरोबर आहे." काकू बोलल्या नाहींत, त्यांनीं पुतणीला फक्त एवढेंच विचारलें, कीं तुझें वजन किती.

तिचें वजन एक्कावन्न किलो आहे.

चैत्रांत, गुढीपाडव्यानंतरच्या रविवारीं, मॅग्नेटो पुन्हा जागेवर बसला. नानांची खुर्ची ओसरीवर नेऊन ठेवली. पडवी तेथून दिसत नाहीं, पण ऐकूं येतें. पुतणीनें तिच्या दादाचे जाड बूट घातले होते, आंत दोन मोज्यांच्या जोड्या. तिनें नळ उघडला, बटण दाबलें, दांडा अर्धा मागें घेतला, किक दाबीत दाबीत भिंत शोधली, झडप उचलून बोटभर पुढें नेली. पहिल्या लाथेला कांहीं झालें नाहीं. तिनें सारा विधि पुन्हा प्रथमपासून केला. दुसऱ्या लाथेला एक ढेंकर आली. पुतण्या दोन पावलें मागें सरला. ती मात्र पुन्हा वांकून दांडा कोठें आहे तें पाहत होती. तिसऱ्या लाथेला ती उठली, आणि सारी पडवी थरथरूं लागली. दाराच्या चौकटीवरची आंब्याचीं पानें हलूं लागलीं, लहान मुलांनीं टाळ्या पिटल्या. पुतणी आनंदानें नुसती उभी होती. पुढें काय करावयाचें तें ती विसरूनच गेली असावी. इंजिनाचा आवाज जड होता, दमेकऱ्याच्या श्वासासारखा.

तेवढ्यांत ओसरीवरून, त्या सगळ्या गलक्याच्या वर, नानांचा आवाज आला. इतक्या मोठ्यानें ते बोललेले आम्हीं कित्येक वर्षांत ऐकलें नव्हतें.

"अग, ठिणगी पुढें घे! तापेल ती!"